मध्ययुगीन युरोपचा अभ्यास, ठाण्यापासून सुरू

मध्ययुगीन युरोपचा इतिहास नेटवरून शिकायला घेणारी बरीच मंडळी रोमच्या ऱ्हासापासून सुरुवात करतात. व्याख्यानांची एखादी मालिका लावतात, शार्लमेनपर्यंत कसेबसे पोचतात, मग राजांची नावं एकमेकांत मिसळू लागतात आणि धर्मयुद्धं यायच्या आतच सगळं बारगळतं. हजार वर्षांचा पट सलग ऐकून कुणाच्याच पदरात फारसं पडत नाही. माझं ठाम मत आहे की सुरुवात एका अस्सल कागदापासून करावी. तो नीट वाचावा आणि त्यातून जे प्रश्न उठतील तेवढाच युरोप शिकत जावा. पट आपोआप रुंदावतो, आणि शिकलेलं टिकतं, कारण प्रत्येक गोष्ट आपण कशासाठी शिकलो हे लक्षात असतं.

ठाणे-नवी मुंबईकरांना असा कागद शोधायला लांब जावं लागत नाही. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या ख्रिस्ती भिक्षू संघातले) साधू मारले गेले: तोलेंतिनोचा तोमासो, पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो आणि तिफ्लिसचा देमेत्रिउस. निघाले होते इराणच्या आखातातल्या होर्मुझहून केरळातल्या कोल्लमला, पण जहाजाने त्यांना आणून सोडलं ठाण्याच्या बंदरात. या घटनेचे दोन समकालीन वृत्तांत युरोपात पोचले आणि दोन्ही आज घरबसल्या फुकट वाचता येतात. चौदाव्या शतकातला पोप, भिक्षू संघांची भांडणं, मंगोलांनी खुले केलेले रस्ते, इटलीचे व्यापारी, हस्तलिखितं नकलणारे लेखनिक, हे सगळं या एका प्रसंगाला येऊन मिळतं.

पहिला साक्षीदार जोर्दानुस, डोमिनिकन या दुसऱ्या ख्रिस्ती भिक्षू संघाचा साधू. तो या चौघांबरोबरच आला होता, पण घटना घडली तेव्हा ठाण्यात नव्हता. नंतर येऊन त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्याची दोन पत्रं उरली आहेत, एक ऑक्टोबर १३२१ चं आणि दुसरं ठाण्यातूनच लिहिलेलं. दुसरा साक्षीदार पोर्देनोनेचा ओदोरिक, हा फ्रान्सिस्कन. तो पुढच्या काही वर्षांत ठाण्याला आला, चौघांच्या अस्थी उकरून घेतल्या आणि थेट चीनमधल्या झैतून बंदरात नेल्या. परत गेल्यावर मे १३३० मध्ये पादुआत त्याने आपला प्रवास सोलान्याच्या गुल्येल्मो नावाच्या सहकाऱ्याला सांगितला आणि त्याने तो लॅटिनमध्ये उतरवला. जानेवारी १३३१ मध्ये ओदोरिक वारला.

दोघांचंही इंग्रजी भाषांतर हेन्री यूल याने केलं आहे. ‘कॅथे अँड द वे दिदर’ या नावाने हॅक्लूट सोसायटीने ते १८६६ मध्ये दोन खंडांत छापलं. पुढे आंरी कोर्दिए याने टिपा सुधारून १९१३ ते १९१६ दरम्यान चार खंडांची आवृत्ती काढली. इंटरनेट आर्काइव्हवर दोन्ही आहेत. चार खंडांची घ्या. ओदोरिक दुसऱ्या खंडात आहे आणि साधूंची पत्रं तिसऱ्यात. ओदोरिकचा लॅटिन मजकूरही सोबत छापलेला आहे, तो पुढे उपयोगी पडतो.

एकाच खंडाचे तीन-चार स्कॅन सापडतात आणि सगळे सारखे नसतात. उतरवून घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. घडी घातलेला नकाशा उलगडून स्कॅन केला आहे का, शेवटची सूची पूर्ण आहे का आणि मधली पानं गळलेली किंवा दोनदा आलेली नाहीत ना. घाईघाईने केलेल्या स्कॅनमध्ये नकाशे घडीसकटच टिपलेले असतात, म्हणजे असून नसल्यासारखे. टिपण काढताना पुस्तकावर छापलेला पान क्रमांक लिहा, पीडीएफचा क्रमांक लिहू नका. पीडीएफ बदलली की तो क्रमांक निरुपयोगी होतो. कुठला स्कॅन वापरला त्याची लिंकही पहिल्याच दिवशी नोंदवा. यासाठी झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. नुसत्या ब्राउझरच्या बुकमार्कवर विसंबलात तर वर्षभरात निम्म्या लिंका मेलेल्या असतील.

शोध घेताना स्पेलिंगचा सापळा आहे. या मजकुरात ठाणे ‘ताना’ म्हणून येतं. पण डॉन नदीच्या मुखाशी, अझोव्ह समुद्रावर, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची एक वसाहत होती आणि तिचंही नाव ताना. चौदाव्या शतकातली इटालियन कागदपत्रं चाळताना दहापैकी नऊ ताना तिकडचे निघतात. घोडे, कातडी, गुलाम किंवा खारवलेले मासे यांचा व्यापार दिसला की समजायचं, हे आपलं ठाणे नव्हे. पोलुंबुम किंवा कोलुंबुम म्हणजे कोल्लम, श्रीलंकेतलं कोलंबो नव्हे. सुपेरा म्हणजे सोपारा. प्रत्येक गावाची सगळी रूपं एका तक्त्यात मांडून ठेवा, तो तक्ता कायम लागतो. शिवाय स्कॅनवरून यंत्राने ओळखलेल्या मजकुरात उच्चारचिन्हांच्या अक्षरांचा हमखास घोळ होतो. म्हणून शोध रिकामा आला तरी लगेच हार मानू नका, छापील सूची उघडून बघा.

आता वाचन. ओदोरिकचं ठाण्याचं प्रकरण दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्यासमोर खूण करा: त्याने स्वतः पाहिलं, कुणाकडून ऐकलं, की आधीच डोक्यात घेऊन आला होता. पोरस राजाचं हे राज्य असं तो सांगतो, ते डोक्यातलं, कारण सिकंदराच्या कथा तिकडे घरोघरी माहीत होत्या. इथे कुत्र्याएवढे उंदीर आहेत, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, ते पकडायला कुत्रेच लागतात, हे मात्र पाहिलेलं. आपल्याकडे पावसाळ्यात गटाराच्या कडेने फिरणारी घूस ज्याने पाहिली आहे त्याला हे वाक्य अतिशयोक्तीचं वाटणार नाही. काळ्या सिंहांची गोष्ट वेगळी, ती ऐकीव असावी. गावात नेस्टोरियन या पूर्वेकडच्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती हा आकडा तो देतो. चौघं त्यातल्याच एका घरी उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरी उतरलेले परदेशी साधू. त्यांना बोलावणं गेलं, तिथे धर्मावर वाद झाला आणि प्रकरण जिवावर बेतलं. राज्य तेव्हा दिल्लीचं होतं आणि तिथे घियासुद्दीन तुघलक गादीवर होता.

यानंतर जोर्दानुसची पत्रं वाचा आणि दोन्ही वृत्तांत शेजारी शेजारी ठेवा. जोर्दानुस एकटा पडलेला, घाबरलेला, मदत मागणारा माणूस आहे. त्याचं पत्र व्यवहाराचं आहे: कुठे माणसं पाठवावीत, कुठे धर्मकार्याला वाव आहे, आपल्यावर काय गुदरलं. ओदोरिकचा वृत्तांत तपशिलाने भरलेला आणि चमत्कारांनी नटलेला आहे. त्यात जाकोमोला आगीत टाकतात आणि तो सहीसलामत बाहेर येतो. अस्थी जवळ घेऊन ओदोरिक झोपलेला असताना घराला आग लागते, पण त्याला झळ पोचत नाही. वारा पडून जहाज अडकतं तेव्हा एक हाड समुद्रात सोडलं की वारा सुटतो. नवखा वाचक इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर सगळंच खोटं म्हणून बाजूला ठेवतो, नाहीतर चमत्कार तेवढे वगळून उरलेलं जसंच्या तसं खरं धरतो. दोन्हीत साधनाचा कस जातो. हुतात्म्याची कथा हा तेव्हाचा एक ठरलेला लेखनप्रकार होता. १२२० मध्ये मोरोक्कोत पाच फ्रान्सिस्कन मारले गेले होते, त्यांच्या कथेने एक साचा घालून दिला होता. न्यायाधीशापुढचा वाद, अग्नी, राज्यकर्त्याला मिळालेली शिक्षा, अवशेषांचे चमत्कार, हे टप्पे वाचकाला अपेक्षित असत. साच्यात न बसणारे तपशील शोधा. नवरा-बायकोचं भांडण कुठल्याच साच्यात बसत नाही, म्हणून ते बहुधा घडलेलं आहे.

आता युरोपकडे वळायचं, कारण मजकुरानेच प्रश्न समोर ठेवले आहेत. त्यातला मोठा प्रश्न असा: १३२० च्या दशकात फ्रान्सिस्कनांना हुतात्म्यांची इतकी गरज का होती? उत्तर आव्हिन्योमध्ये आहे, आजच्या फ्रान्समधल्या या शहरात तेव्हा पोपचा मुक्काम होता. पोप बाविसावा जॉन, कारकीर्द १३१६ ते १३३४. संघातल्या कडव्या गटाचं म्हणणं होतं की संत फ्रान्सिसच्या नियमाप्रमाणे आपण काहीही बाळगायचं नाही. अंगरखे आखूड असावेत की नाही, धान्य साठवावं की नाही, यावर रण पेटलं. मे १३१८ मध्ये मार्सेयला चार साधूंना पाखंडी ठरवून जाळलं. नोव्हेंबर १३२३ मध्ये पोपने जाहीर केलं की ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं असं हट्टाने म्हणणं हे पाखंड आहे. ठाण्यात मारला गेलेला तोमासो तरुणपणी याच कडव्या गटातला म्हणून तुरुंगात पडलेला होता. म्हणजे मार्सेयला चर्चने चौघांना जाळलं आणि तीन वर्षांनी ठाण्यात चौघं धर्मासाठी मेले. त्या संघाला ही दुसरी बातमी किती मोलाची वाटली असेल हे लक्षात आलं की ओदोरिकचा वृत्तांत इतका का पसरला तेही कळतं. त्याच्या आज शंभराहून अधिक हस्तलिखित प्रती माहीत आहेत. जोर्दानुसने भारताविषयी लिहिलेल्या छोट्या पुस्तकाची, जिथे फणस, आंबा आणि पारशांच्या अंत्यविधीचं फार नेमकं वर्णन आहे, एकच प्रत उरली.

या पार्श्वभूमीसाठी मूळ कागद फोर्डहॅम विद्यापीठाच्या मध्ययुगीन साधनसंग्रहात मिळतात. पॉल हॅल्सॉल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा संग्रह दिसायला जुनाट आहे, पण विद्यार्थ्यासाठी याहून चांगलं प्रवेशद्वार मला माहीत नाही. वापरताना पानाच्या तळाशी जा आणि भाषांतर कुणाचं, कुठल्या वर्षीचं ते बघा. हक्क संपलेली भाषांतरं फुकट देता येतात, म्हणून बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आणि विसाव्याच्या आरंभीची आहेत. इंग्रजी अवघड आहे, आणि अनुवादकाला जे अशोभनीय किंवा कंटाळवाणं वाटलं ते गाळलेलंही असतं. वाक्यात तीन टिंबं दिसली की पूर्ण मजकूर दुसरीकडे शोधा. लिंक मेलेली असेल तर तोच पत्ता जुनी संकेतस्थळं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये टाका.

याच संग्रहात साधनचिकित्सेचा सगळ्यात चांगला धडा आहे. २७ नोव्हेंबर १०९५ ला पोप दुसरा अर्बन क्लेर्मोंमध्ये बोलला आणि पहिलं धर्मयुद्ध उभं राहिलं. त्या भाषणाच्या अनेक आवृत्त्या तिथे एकाच पानावर आहेत. त्या सगळ्या जेरुसलेम पडल्यानंतरच्या, म्हणजे जुलै १०९९ नंतरच्या. फुल्शेर या इतिवृत्तकाराच्या आवृत्तीत पोप चर्चच्या सुधारणेवर आणि पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांना मदत करण्यावर बोलतो, जेरुसलेमचं नावही घेत नाही. रॉबर्ट नावाच्या साधूच्या आवृत्तीत जेरुसलेम केंद्रस्थानी येतं. शेवट माहीत असलेल्या माणसांनी सुरुवात लिहिली की काय होतं, हे एका संध्याकाळच्या वाचनात समजतं. हे वाचून मग ठाण्याच्या दोन साक्षीदारांकडे परत या, नजर बदललेली असेल.

व्याख्यानं ऐकायचीच असतील तर येल विद्यापीठाचा पॉल फ्रीडमन यांचा खुला अभ्यासक्रम घ्या. २२ व्याख्यानं, इसवी सन २८४ ते १०००. प्रत्येकाचा लिखित मजकूर उपलब्ध आहे. लोकलमध्ये ऐकण्याआधी तो एकदा नजरेखालून घाला, नाहीतर ‘मेरोव्हिंजियन’ आणि ‘कॅरोलिंजियन’ ही राजघराण्यांची नावं कानावरून नुसती वाहून जातात. ठाणे ते सीएसएमटी धीम्या गाडीत एक व्याख्यान आरामात संपतं. पण लक्षात ठेवा, हा अभ्यासक्रम १००० साली थांबतो. ठाण्याच्या प्रसंगासाठी लागणारी पुढची सव्वातीनशे वर्षं त्यात नाहीत.

तारखा हा स्वतंत्र विषय आहे आणि आपल्याकडच्या वाचकाला तो जड जाऊ नये. शक, शुहूर, फसली आणि हिजरी यांची सांगड घालणारा समाज आपला. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कालगणनेतली आहे आणि आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तीच १ मार्च होते, हे इथे शाळकरी पोरांनाही ऐकून माहीत असतं. मध्ययुगीन युरोपच्या तारखा सगळ्या ज्युलियन. १३२१ मध्ये दोन्हींत आठ दिवसांचा फरक होता. पण इतिहासकार त्या बदलून लिहीत नाहीत, तेव्हा तुम्हीही बदलू नका. खरा घोळ वर्षारंभाचा आहे. अनेक ठिकाणी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. जोर्दानुसच्या दुसऱ्या पत्रावर साल १३२३, महिना जानेवारी आणि दिवस संत फेबियन आणि सेबास्टियन यांच्या सणाचा आहे. तो सण २० जानेवारीला येतो. साल २५ मार्चपासून मोजलेलं असेल तर आपल्या हिशेबाने ते पत्र १३२४ चं होतं. म्हणूनच काही ठिकाणी १३२३ आणि काही ठिकाणी १३२४ दिसतं. दोन्ही ठिकाणी छपाईची चूक नाही.

चौघांपैकी तिघांच्या मृत्यूची परंपरेने मानलेली तारीख ९ एप्रिल (पिएत्रो दोन दिवसांनी मारला गेला). ती स्वतः पडताळून बघा. त्या वर्षीचा ईस्टर काढा, त्यासाठी ज्युलियन ईस्टरची गणकयंत्रं नेटवर आहेत. तो १९ एप्रिलला येतो. म्हणजे पाम संडे (ईस्टरच्या आधीचा रविवार) १२ ला, आणि ९ एप्रिल हा त्याच्या अलीकडचा गुरुवार. हा हिशेब एकदा हाताने करा, कारण मध्ययुगीन पत्रांत तारखेऐवजी ‘अमुक सणाच्या आधीचा गुरुवार’ असंच लिहिलेलं असतं. गणकयंत्र वापरताना पाश्चात्त्य ग्रेगोरियन पर्याय चुकून निवडला जातो आणि मग उत्तर पार वेगळं येतं. वार जुळला नाही की पहिला संशय तिथे घ्या.

लॅटिनशिवाय चालतं का? पहिल्या वर्षी चालतं. त्यापुढे नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी मोफत लॅटिन पाठ आहेत, १०८६ ते १७३३ या काळातल्या कागदपत्रांवर बेतलेले. संस्कृत शाळेत शिकलेल्यांना विभक्तीची कल्पना नवी नसते, त्यामुळे आपल्याकडच्या माणसांची गती बरी असते. कोशासाठी शिकागो विद्यापीठाचं लोगेऑन वापरा. त्यात ब्रिटिश साधनांवरून केलेला मध्ययुगीन लॅटिनचा कोशही आहे. शब्द सापडत नसेल तर आधी स्पेलिंग अभिजात करून बघा. मध्ययुगीन लेखनिक ‘एई’ ऐवजी नुसता ‘ई’ लिहितात, ‘ती’ ऐवजी ‘सी’ लिहितात, म्हणून ‘ग्रातिया’चं ‘ग्रासिया’ होतं, आणि ‘मिही’मध्ये एक जादा ‘सी’ घुसवतात. शब्द न सापडण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हस्तलिखित बघायचं तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर जा आणि ‘फ्रांसे २८१०’ हा क्रमांक शोधा. साधारण १४१० ते १४१२ दरम्यान पॅरिसमध्ये बर्गंडीच्या ड्यूकसाठी तयार झालेली ही पोथी आहे. तिच्यात मार्को पोलो, ओदोरिक आणि मँडेव्हिल यांची प्रवासवर्णनं एकत्र बांधलेली आहेत आणि २६५ चित्रं आहेत. ओदोरिक ९७ व्या पत्रापासून (इथे पत्र म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही बाजू मिळून एक पर्ण) सुरू होतो. पोथ्यांत पानाला नाही, पत्राला क्रमांक असतो. पुढची बाजू ‘रेक्तो’, मागची ‘वेर्सो’. म्हणून ‘९७ रेक्तो’ असा संदर्भ द्यावा लागतो. संकेतस्थळावर दिसणारा चित्रांचा क्रमांक वेगळा चालतो, कारण त्यात बांधणीची कोरी पानंही मोजलेली असतात. अख्खी पोथी उतरवू नका, फाइल अवाढव्य होते. हवी तेवढीच पत्रं निवडून घ्या.

चित्रं पाहून हरखून जाऊ नका, त्यांची उलटतपासणी घ्या. चित्रकार पॅरिसचे, भारत त्यांनी पाहिलेला नाही. इथली शहरं त्यांनी दगडी बुरुजांची आणि उतरत्या छपरांची काढली. ही चित्रं १३२१ च्या ठाण्याबद्दल काहीही सांगत नाहीत. १४१० च्या पॅरिसमधल्या श्रीमंत माणसाला पूर्व कशी कल्पायला आवडे, हे मात्र चोख सांगतात. तिथला मजकूरही मूळ लॅटिन नाही. तो १३५१ मध्ये जाँ ल लाँग या साधूने केलेला फ्रेंच अनुवाद आहे. म्हणजे ठाण्यातली घटना, ती सांगणारी माणसं, ओदोरिक, त्याचा लेखनिक, नकलणारे, अनुवादक, पुन्हा नकलणारे आणि मग चित्रकार, इतक्या हातांतून ती तुमच्या पडद्यावर आली आहे.

अक्षर वाचणं मोडी शिकलेल्यांना सोपं जातं, कारण लेखनिकाचा हात कुठे घाई करतो हे त्यांना ठाऊक असतं. लॅटिन पोथीत ‘पी’च्या खालच्या दांड्याला आडवी रेघ असेल तर ‘पेर’, वर रेघ असेल तर ‘प्रे’, आणि दांड्यातून डावीकडे वळसा असेल तर ‘प्रो’. स्वरावर रेघ म्हणजे पुढचा ‘एम’ किंवा ‘एन’ गाळलेला. सातच्या आकड्यासारखं चिन्ह म्हणजे ‘एत’, अर्थात ‘आणि’. नऊसारखं चिन्ह शब्दाच्या शेवटी ‘उस’ असतं आणि सुरुवातीला ‘कोन’. सगळ्यात त्रासदायक म्हणजे ‘आय’, ‘एम’, ‘एन’ आणि ‘यू’ ही अक्षरं, कारण ती सारख्याच उभ्या काड्यांची बनतात. ती वाचायला जाऊ नका, काड्या मोजा आणि कोणता शब्द बसतो ते बघा. अडलात तर आद्रिआनो कापेल्ली याचा १८९९ मध्ये पहिल्यांदा निघालेला संक्षेपकोश इंटरनेट आर्काइव्हवर आहे.

ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिथली हस्तलिखितांची चित्रं दीर्घकाळ बंद पडली. जगभरच्या अभ्यासकांची कामं त्यामुळे अडली. त्यातून शिकायचं एवढंच की लागणारी पत्रं वापराच्या अटी पाहून स्वतःकडे उतरवून ठेवा, आणि नावात ग्रंथालय, क्रमांक, पत्र, बाजू हे चारही घाला. ‘इमेज ४७’ नावाची फाइल सहा महिन्यांनी कुणालाच ओळखू येत नाही.

आधुनिक संशोधनासाठी जेस्टोर या लेखसंग्रहावर मोफत खातं उघडलं की दरमहा १०० लेख पडद्यावर वाचता येतात. पुस्तक विकत घेण्याआधी इंडियाना विद्यापीठाच्या द मिडीव्हल रिव्ह्यूमध्ये त्याचं परीक्षण बघा, ती सगळी खुली आहेत. यूल वाचूनच थांबणं मात्र बरं नव्हे. तो विद्वान होता, पण ब्रिटिश लष्करातला अभियंता होता आणि १८६६ साली लिहीत होता. त्याच्या टिपांत ती नजर आहे. ओदोरिकचा लॅटिन मजकूर नव्याने संपादित होऊन १९२९ मध्ये फ्रान्सिस्कनांच्या चीनविषयक साधनमालेच्या पहिल्या खंडात आला. गंभीर कामासाठी तो धरा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी हल्ली सगळेच विचारतात. लॅटिन वाक्याचा व्याकरणाने फोड करून अर्थ विचारलात तर ती खरोखर मदत करतात. अख्खा उतारा भाषांतरासाठी टाकलात तर इतकं सफाईदार उत्तर येतं की चूक दिसतच नाही. कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते, न वाचता आलेला संक्षेप अंदाजाने भरला जातो. संदर्भ मागितलात तर अस्तित्वात नसलेले लेखही मिळतात. म्हणून प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत पडताळल्याशिवाय टिपणात घेऊ नका.

प्रत्यक्ष पाहण्यासारखंही जवळपास काही आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे इटालियन कवी दांतेच्या महाकाव्याची मध्ययुगीन हस्तलिखित प्रत आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेली. सहज कुणालाही दाखवत नाहीत, पण सोसायटीच्या प्रदर्शनांवर लक्ष ठेवा. दांते वारला तो सप्टेंबर १३२१ मध्ये, ठाण्याच्या घटनेनंतर पाच महिन्यांनी. त्याच्या काव्यात पोप आणि फ्रान्सिस्कन या दोघांवरही जे येतं, ते या अभ्यासानंतर वाचलंत तर टिपांशिवाय कळू लागेल.

ठाण्याचा कागद पचला की दुसरा कागद पूर्ण वेगळ्या जातीचा घ्या, ज्यात कथा नाही, नुसता हिशेब आहे. इंग्लंडचं १०८६ चं डोम्सडे सर्वेक्षण त्यासाठी उत्तम. ओपन डोम्सडे या संकेतस्थळावर नकाशावर गाव निवडलं की मूळ पानाचं चित्र आणि तक्ता समोर येतो. नोंदीचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो: जमीन कुणाकडे, कराची आकारणी किती, नांगर किती, कुळं आणि गुलाम किती, कुरण, जंगल, गिरणी आणि शेवटी किंमत. एक नांगर म्हणजे आठ बैलांची जोत. एक पौंड म्हणजे २० शिलिंग, २४० पेनी. ‘टी आर ई’ ही तीन अक्षरं दिसली की ‘राजा एडवर्डच्या वेळी’, म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याआधी. लोकसंख्या काढायची तर लक्षात ठेवा की नोंद कुटुंबप्रमुखांची आहे. अभ्यासक त्याला साधारण चार ते पाचने गुणतात, आणि गुणक बदलला की उत्तर बदलतं. लंडन आणि विंचेस्टर त्यात नाहीतच. यॉर्कशायरच्या गावांसमोर ‘उजाड’ असा शेरा वारंवार येतो. तो १०६९-७० मध्ये नॉर्मन राजा विल्यमच्या सैन्याने केलेल्या जाळपोळीचा पुरावा आहे, की कारकुनांना कराची माहितीच मिळाली नाही म्हणून मारलेला शेरा आहे, यावर अजून वाद चालू आहे. शेजारशेजारची दहा गावं घ्या, १०६६ आणि १०८६ च्या किमती एका तक्त्यात मांडा आणि ‘उजाड’ गावांत माणसं किंवा नांगर नोंदलेले आहेत का ते स्वतः तपासा.